बुडाला चिकटलेलं लोखंड

सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने अनुदानाच्या गॅस सिलिंडरवर मर्यादा घातली. घरटी वर्षाला सहा. आरडाओरड झाली, पुढच्या जानेवारीत सहाचे नऊ झाले आणि २०१४ च्या सुरुवातीला बारा. पण मधल्या काळात शहरांतल्या कितीतरी ओट्यांवर एक काळी, चपटी, गुळगुळीत शेगडी येऊन बसली होती. ज्योत नाही, काजळी नाही, सिलिंडरचा नंबर लावायची कटकट नाही. हौसेने आणलेल्या त्या इंडक्शनवर चहाचं पातेलं ठेवून बटण दाबलं, की शेगडी टींटीं वाजायची आणि गप्प व्हायची. कुकर ठेवला, तेच. कढई ठेवली, तेच. घरात वर्षानुवर्षं राबलेली भांडी एकेक करून नापास होत गेली, आणि पोळ्यांचा लोखंडी तवा मात्र पहिल्या फटक्यात पास झाला. दुकानदाराकडे तक्रार नेली तर तो गल्ल्यातून एक चुंबक काढून म्हणायचा, “हे भांड्याच्या बुडाला लावून बघा. चिकटलं तर चालेल, नाहीतर नाही.”

नापासांत काही पातळ स्टीलची भांडीही होती, पण मुख्य भरणा ॲल्युमिनियमचा. गंमत अशी, की स्वयंपाकाच्या कामाला या धातूत खोट काढायला फारशी जागाच नाही. तो लोखंडाच्या जेमतेम एकतृतीयांश वजनाचा आहे, उष्णता लोखंडाच्या तिप्पट वेगाने पसरवतो, गंजत नाही, त्याला कल्हई लागत नाही. नव्या शेगडीने त्याला नाकारलं ते त्याच्या दोषांमुळे नव्हे. तो विजेचा फार चांगला वाहक आहे म्हणून नाकारलं. हा पेच नीट कळायचा तर हा धातू आपल्या चुलीपर्यंत कसा पोचला तिथून सुरुवात करावी लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ॲल्युमिनियम ही भांड्यांची वस्तू नव्हतीच, ती मिरवायची वस्तू होती. १८८४ साली वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या अगदी टोकावर जे टोपण बसवलं, ते सोन्याचं किंवा प्लॅटिनमचं नव्हतं, ॲल्युमिनियमचं होतं आणि वजन होतं फक्त शंभर औंस. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी एकमेकांना न ओळखता विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम वेगळं करण्याची एकच रीत शोधली. दोघांची जन्मसालंही एकच, १८६३. दहा वर्षांच्या आत एका पौंडाचा भाव एका डॉलरच्या खाली आला. धातू स्वस्त झाला, पण त्याचं करायचं काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. विमानं अजून उडायची होती, विजेच्या तारा तांब्याच्या होत्या. मग कारखानदारांना स्वयंपाकघर आठवलं. अमेरिकेत ‘वेअर-एव्हर’ छापाची पातेली कॉलेजातली मुलं सुटीत दारोदार फिरून, शेगडीवर शिजवून दाखवून विकू लागली.

भारतात हे काम एका सरकारी प्राध्यापकाने अंगावर घेतलं. आल्फ्रेड चॅटर्टन मद्रासच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत. १८९८ साली मद्रासच्या कलाशाळेत त्यांनी ॲल्युमिनियमची भांडी घडवण्याचा विभाग काढला. त्यांचा हिशेब सरळ होता. देशातला तांबट आणि कासार तसाही परदेशातून आलेल्या तांब्या-पितळेच्या पत्र्यावरच काम करत होता. मग त्याच हातांना हलका, न कळकणारा, पुढे स्वस्त होत जाणारा पत्रा का देऊ नये? ठोकायची, उभारायची, काठ वळवायची कारागिरी तीच, बदलायचा तो फक्त पत्रा. भांडी खपली. १९०३ मध्ये हा विभाग इंडियन ॲल्युमिनियम कंपनी नावाच्या खासगी कंपनीला विकण्यात आला आणि सरकारने हात झटकले.

चॅटर्टन यांनी हात झटकले नाहीत. सरकारने स्वतः उद्योग काढून दाखवावेत आणि जमल्यावर सोपवावेत, हे त्यांचं मत या प्रयोगाने पक्कं झालं. मद्रासमधल्या युरोपीय व्यापाऱ्यांना मात्र सरकारी स्पर्धा नको होती. १९१० साली भारतमंत्री लॉर्ड मोर्ले यांनी लंडनहून खलिता पाठवून अशा उद्योगांना लगाम घातला. सरकारने धंदा करावा की नाही, हा आजही न संपलेला वाद. त्याच्या सुरुवातीच्या नोंदींत पातेल्यांची एवढी ठळक उपस्थिती आहे, हे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनाही फारसं आठवत नाही.

महाराष्ट्रात हा धातू आला तेव्हा त्याचं स्वागत जरा नाक मुरडूनच झालं. इथे पुण्याच्या तांबट आळीपासून नाशिक-भंडाऱ्यापर्यंत तांब्या-पितळेचं राज्य होतं. हंडा, कळशी, घंगाळ, पातेली लेकीच्या रुखवतात मांडली जायची, अडीअडचणीला गहाण पडायची आणि जुनी झाली की मोडीत घालून नवी आणता यायची. ॲल्युमिनियमला हा मान कधीच मिळाला नाही. खेड्यापाड्यांत त्याला ‘जर्मन’ म्हणत. जर्मनचं भगोणं, जर्मनची ताटली. ते मजुराच्या शिदोरीत असायचं, खाणावळीत, वसतिगृहात, इस्पितळात असायचं. देवघरात त्याला प्रवेश नव्हता. चिंच-कोकमाची आमटी त्यात ठेवू नये, ताक तर मुळीच नको, हे घरोघरच्या बायकांना अनुभवाने माहीत होतं. आंबट पदार्थ त्या धातूला खातो.

तरीही ते घुसलं, कारण पितळेला कल्हई लागते. दर काही महिन्यांनी दारात कल्हईवाला बसवायचा, भाता, नवसागर, कथलाची कांडी, धुराचा लोट, आणि वर त्याच्याशी घासाघीस. ॲल्युमिनियमने ही सगळी उठाठेव संपवली. शिवाय भरलेलं पातेलं चुलीवरून उतरवणाऱ्या मनगटाला पितळ आणि ॲल्युमिनियम यांतला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. या धातूच्या प्रसाराचा इतिहास पत्र्याच्या आयातीच्या आकड्यांतून लिहिला जातो. तो मनगटांच्या बाजूनेही लिहायला हवा.

दुसऱ्या महायुद्धात भांड्यांचं हे नातं विमानांशी जुळलं. जुलै १९४० मध्ये ब्रिटनमध्ये लॉर्ड बीव्हरब्रूक यांच्या खात्याने गृहिणींना ॲल्युमिनियमची भांडी विमानांसाठी द्या, असं आवाहन केलं आणि गावोगावी सॉसपॅनचे ढीग लागले. भारतात याच काळात देशी धातूचा पाया पडला. १९४३ मध्ये केरळात अलुवा इथे ॲल्युमिनियम गाळायला सुरुवात झाली, पाठोपाठ आसनसोलजवळ. रेणुकूटचा हिंदाल्कोचा कारखाना १९६२ मध्ये सुरू झाला आणि काही वर्षांत ‘हिंडालियम’ हे मिश्रधातूचं छापील नाव बाजारात इतकं रुळलं, की जाड बुडाची कुठलीही कढई हिंडालियमची झाली. या साखळीत कोल्हापूरचाही वाटा आहे. राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीच्या सड्यावरचा लाल बॉक्साइट ट्रकांनी बेळगावच्या कारखान्यात जातो आणि तिथे त्याची पांढरी भुकटी होते. घाटात त्या ट्रकांमागे अडकलेल्या प्रवाशांना समोर चाललंय ते उद्याचं पातेलं आहे, असं वाटत नाही, एवढंच.

मग १९५९ साल आलं. त्या एकाच वर्षी मुंबईत हॉकिन्स आणि दक्षिणेत टीटीके समूहाची प्रेस्टिज, अशा दोन कंपन्यांनी इंग्रजी कंपन्यांशी हातमिळवणी करून प्रेशर कुकर बनवायला घेतले. एकाचं झाकण आतून बसायचं, दुसऱ्याचं बाहेरून, आणि त्यावरून घराघरांत तट पडले. कुकर ॲल्युमिनियमचाच का, याची कारणं तीच. साच्यात दाबून एकसंध ओढता येणारा धातू, चटकन तापणारा, उचलायला हलका. वरण-भाताची वेळ शिट्ट्यांत मोजली जाऊ लागली. मध्यमवर्गाने ‘जर्मन’ला आजवर जे दिलं नव्हतं ते कुकरला दिलं. लग्नाच्या भेटींत तो मानाने मांडला गेला.

अशी सगळी तयारी झालेल्या स्वयंपाकघरात इंडक्शन आलं. पण त्याचाही जन्म काही कालचा नाही. चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं की शेजारच्या धातूत वीज वाहू लागते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलं. त्या भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या प्रवाहांनी धातू तापतो, हे १८५५ मध्ये लिओन फुको यांनी. ओट्यापर्यंत यायला मात्र शंभर वर्षं लागली. १९५० च्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर विभागाने एक खेळ गावोगाव दाखवला. शेगडी आणि पातेलं यांच्यामध्ये वर्तमानपत्र ठेवायचं, वरचं पाणी उकळायचं आणि कागद मात्र शाबूत राहायचा. १९७१ मध्ये वेस्टिंगहाउसने ‘कूल टॉप’ शेगडी लोकांसमोर आणली आणि दोन वर्षांनी तिची सुधारित आवृत्ती विकायला काढली. किंमत सुमारे १५०० डॉलर.

या किमतीत एक भांड्यांचा संचही होता, आणि इथे थांबून बघण्यासारखं काही आहे. ती भांडी चार थरांच्या पत्र्याची होती. स्टील, साधं पोलाद, ॲल्युमिनियम आणि पुन्हा स्टील. म्हणजे शेगडी बनवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की उष्णता पसरवायला ॲल्युमिनियम हवंच आहे आणि तापायला ते नालायक आहे. चाळीस वर्षांनी भारतातल्या ग्राहकाला चुंबक लावून जे कळलं, ते या संचाच्या रचनेतच मांडलेलं होतं. फक्त त्या किमतीचा संच इकडे कोण पाहणार होतं?

ॲल्युमिनियम का तापत नाही, याचं उत्तर ‘त्याला चुंबक चिकटत नाही’ एवढं पुरत नाही. काचेखाली तांब्याच्या तारांचं वेटोळं असतं. त्यातला प्रवाह सेकंदाला वीस-तीस हजार वेळा उलटसुलट होतो. त्यामुळे भांड्याच्या बुडात जो प्रवाह उठतो, तो सबंध जाडीतून वाहत नाही, खालच्या कातडीपुरताच वाहतो. लोखंडात ही कातडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ, कारण लोखंड चुंबकीय आहे. ॲल्युमिनियममध्ये ती अर्ध्या मिलिमीटरची. लोखंडात प्रवाहाची वाट अरुंद आणि वर धातूचा स्वतःचा विरोधही जास्त. तिथे प्रवाह घासटतो आणि धातू तापतो. ॲल्युमिनियममध्ये वाट रुंद आणि विरोध किरकोळ. दोन्ही मिळून फरक कित्येक पटींचा होतो. मग शेगडीचा जोर वाढवावा तर? तर आतलं वेटोळं तापेल. ते तांब्याचं, म्हणजे वाहकतेत ॲल्युमिनियमहून थोडंच सरस. उष्णतेची वाटणी मग वरचं भांडं आणि खालचं यंत्र यांच्यात व्हायला लागते. शेगडीला हे परवडणारं नसतं, म्हणून ती भांडं ओळखतच नाही आणि टींटीं करते.

यात एक चमत्कारिक पोटकलम आहे. जाड ॲल्युमिनियम थंड राहतं, पण पोळ्या गुंडाळायची चमचमती फॉइल इंडक्शनवर पडली तर भसकन तापून फाटते, क्वचित वितळते. ती त्या कातडीच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ असल्याने तिच्यात प्रवाहाला पुन्हा अरुंद वाट उरते. म्हणून सोबतची पुस्तिका शेगडीवर फॉइल ठेवू नका, असं बजावते. हा इशारा उगाच वाटतो, पण तो पक्क्या पदार्थविज्ञानावर उभा आहे.

ॲल्युमिनियम न तापण्याच्या अडचणीवर सरळ वाटेने हल्ला केला तो जपानने. २००२ मध्ये मात्सुशिताने, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकने, तांबं आणि ॲल्युमिनियम यांच्यासकट सगळ्या धातूंना तापवणारी शेगडी बाजारात आणली. प्रवाहाची दिशा बदलण्याचा वेग नेहमीच्या दुप्पट-तिपटीवर नेला, वेटोळ्यासाठी केसासारख्या बारीक तारांचे पीळ वापरले. ॲल्युमिनियम तापलं. पण दुसरीच भानगड उपटली. भांडी सरकायला लागली. बुडात उठणारा प्रवाह खालच्या क्षेत्राला विरोध करतो, म्हणजे भांडं वर ढकललं जातं. अमेरिकन शास्त्रज्ञ एलिहू थॉमसन यांनी १८८० च्या दशकात धातूची कडी अशीच हवेत उडवून दाखवली होती, आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आजही ॲल्युमिनियमची ती उडती कडी मुलांना दाखवतात. रिकामं, हलकं पातेलं त्या कडीचाच भाऊ. म्हणून माहितीपत्रकात भांडं आणि आतला पदार्थ मिळून पुरेसं वजन हवं, अशी अट आली. ज्या हलकेपणासाठी हा धातू घेतला, तोच इथे गुन्हा ठरला. दोनशे व्होल्टची ही महागडी शेगडी मुख्यतः जपानी घरांतच राहिली. भारतीय ओट्यापर्यंत ती फारशी पोचली नाही.

इकडे तोडगा निघाला तो यंत्रशाळेत. शेगडी बदलायची नाही, भांड्याचं बूड बदलायचं. बाजारात त्याला ‘इंडक्शन बेस’ किंवा ‘इंडक्शन बॉटम’ म्हणतात. चुंबक धरणारं ४३० जातीचं स्टील घ्यायचं, त्याची पातळ चकती कापायची, तिला चाळणीसारखी भोकं पाडायची आणि ती ॲल्युमिनियमच्या बुडाशी प्रचंड दाबाने ठोकून बसवायची. मऊ ॲल्युमिनियम भोकांत शिरतं आणि चकतीला मागून पकडतं. कुकर उलटा केला की दिसणारी ती ठिपक्यांची किंवा मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी शोभेची नसते. तो दोन धातूंचा सांधा असतो.

सांधा अवघड का, तर तापल्यावर ॲल्युमिनियम या स्टीलच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावतं. नुसती सपाट चकती चिकटवली तर प्रत्येक वेळी तापताना एक धातू ताणणार आणि दुसरा धरून ठेवणार. काही महिन्यांत बूड फुगणार, भांडं काचेवर डुगडुगणार, आणि काचेपासून वर उचललं गेलं की शेगडी पुन्हा तक्रार करणार. भोकांमुळे ही ओढाताण लहान लहान तुकड्यांत वाटली जाते. तरी स्वस्त मालाचं बूड वर्षा-दोन वर्षांत बाक धरतंच. कडेने चकती सुटून फटीत पाणी शिरलेली भांडी ज्यांनी घासली आहेत, त्यांना हे सांगायला नको.

वजनाचा हिशेबही बघण्यासारखा आहे. वीस सेंटिमीटर व्यासाच्या पातेल्याचं एक मिलिमीटर जाडीचं ॲल्युमिनियमचं बूड साधारण ८५ ग्रॅम भरतं. त्याच मापाची फक्त अर्धा मिलिमीटर जाड स्टीलची चकती, भोकं सोडली तर, १२० ग्रॅम. म्हणजे टेकू बुडाहून जड. कुकरसारख्या मुळातच जाड भांड्यात हे खपून जातं. पण डोंगरात पाठीवर न्यायच्या पातळ डब्यात चकती बसवायची, तर पत्रा आधी जाड करावा लागतो, नाहीतर दाब देतानाच बूड फाटतं किंवा पहिल्याच आचेला वाकडं होतं. त्यामुळे गिर्यारोहकांच्या भांड्यांत इंडक्शनचं बूड असलेली थोडीच, आणि ती ग्रॅम मोजणाऱ्यांना नकोशी. चकतीऐवजी वितळलेल्या लोखंडाचे बारीक थेंब बुडावर फवारून थर चढवण्याची रीतही आहे. तिने वजन वाचतं, खर्च वाढतो.

घरोघरी मात्र याहून सोपी युक्ती चालते. इंडक्शनवर लोखंडी तवा, तव्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं. याच कल्पनेच्या दांडीवाल्या चकत्या ‘अडॅप्टर’ म्हणून विकतही मिळतात. चहा होतो यात शंका नाही. पण आता शेगडी तव्याला तापवते आणि तवा पातेल्याला. दोन सपाट वाटणाऱ्या धातूंमध्येही हवेची फट उरते, वेळ वाढतो, वीज वाया जाते. त्याहून वाईट म्हणजे काचेखालचा तापमापक तव्याची उष्णता मोजतो, पातेल्याची नाही. तवा फाजील तापला की शेगडी मध्येच बंद पडते, आणि ती बंद पडली नाही तर काच तडकायची धास्ती. घाईच्या सकाळी ही युक्ती ठीक, रोजच्या स्वयंपाकाला तिचा आग्रह धरू नये.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ईईएसएल कंपनीने वीस लाख इंडक्शन शेगड्या देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. शेगडी मोजणं सोपं, तिच्यावर ठेवायची भांडी मोजणं अवघड. एका घरात पाच-सहा तरी ॲल्युमिनियमची भांडी असतात, आणि ती सगळी बदलण्याचा खर्च शेगडीच्या किमतीच्या पुढे जाऊ शकतो. जिथे चहाचं पातेलंच वीस वर्षं वापरलं जातं, तिथे हा हिशेब ज्याचा त्याने मनात केलेला असतो. म्हणून पुष्कळ घरांत इंडक्शन हे दुधापुरतं, पाण्यापुरतं, सिलिंडर संपल्याच्या दिवसापुरतं राहिलं.

जुनं भांडं टाकायचं झालं तर भांड्यांचा व्यापारी ते मोडीत घेतो. निव्वळ ॲल्युमिनियमला आजही चांगला भाव येतो, कारण ते पुन्हा गाळायला खनिजापासून नवं काढण्याच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. चकतीचं भांडं त्याच्यापुढे ठेवलं की तो ते उलटं करून बघतो आणि भाव पाडतो. ॲल्युमिनियमच्या रसात लोखंड विरघळलं तर ते सहजी वेगळं काढता येत नाही आणि अख्खा घाणा बिघडतो. मग चकती छिन्नीने उचकटायची, किंवा सबंध बूड कापून बाजूला टाकायचं आणि वरचा गोल तेवढा तराजूत घालायचा.